मिशनऱ्याचा भाषाभ्यास आणि झरी जामणीचे कोलाम

परदेशी मिशनऱ्याचे नाव निघाले की आपल्या सुशिक्षित मंडळींचा सूर एकदम चढतो. हे लोक साता समुद्रांपलीकडून येतात, डोंगरदऱ्यांतील भोळ्या माणसांस औषधाची पुडी व पाटी-पेन्सिल दाखवून भुलवितात, आणि पाहता पाहता वस्त्याच्या वस्त्या आपल्या देवांपासून तोडून नेतात, ही तक्रार आता शंभर-सव्वाशे वर्षांची जुनी झाली. ती सर्वस्वी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ही तक्रार करणारे एक प्रश्न कधीच विचारीत नाहीत, आणि आम्हांस तर तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याला या देशातले झाड की पान ओळखता येत नाही, असा वीस-पंचवीस वर्षांचा परका तरुण त्या लोकांच्या चुलीपर्यंत पोचतो तरी कसा. आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या शेजारी राहिलेला आपला समाज तेथे का पोचत नाही? याचे उत्तर औषधाच्या पुडीत नाही. तो तरुण काम हाती घेण्यापूर्वी जे शिकतो, त्यात आहे. तो त्या लोकांची भाषा शिकतो.

हे विधान वरवर पाहता अगदी साधे दिसते. परंतु ते आपल्या शाळा, आपले दवाखाने, आपल्या कचेऱ्या व आपले समाजकार्य या सर्वांवरील एक आरोप आहे. तो आरोप यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी या एका तालुक्याचे उदाहरण घेऊन आम्ही येथे मांडणार आहो.

प्रथम मिशनऱ्याची तयारी कशी असे ते पाहू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास उतरला. तेथे तो कोंकणी शिकला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याने मराठी ओवीत ‘ख्रिस्तपुराण’ छापविले. त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली राचोलास छापून निघाले. बंगालमधील श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश प्रसिद्ध केला. मराठी ही ज्याच्या प्रांताची भाषाही नव्हती, त्याने हे केले. स्कॉटलंडचा जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आला तो थेट व्यासपीठावर चढला नाही. कोंकणपट्टीत बाणकोट व हर्णै येथे राहून त्याने मराठीचा अभ्यास केला, आणि मग मुंबईत आपले काम मांडले. त्याची पत्नी मार्गारेट हीही मराठी शिकली, आणि मुंबईत मुलींच्या शाळा काढण्यात तिचा मोठा हात होता.

आमच्या विषयास सर्वांत जवळचे उदाहरण नागपूरच्या स्टीफन हिस्लॉपचे. ज्याच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात आहे, तोच हा. १८४५ साली, वयाची तिशीही गाठली नसता, तो नागपुरास आला. मराठी तर तो शिकलाच. पण तेवढ्यावर थांबला नाही. नागपूरच्या भोवतालच्या अरण्यांत जे लोक राहतात ते मराठी बोलतात खरे, पण ते घरात काय बोलतात, असा प्रश्न त्याला पडला. त्याने गोंडांची गाणी उतरून घेतली. लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाची दीर्घ कथा टिपून ठेवली. आणि निरनिराळ्या वन्य जमातींच्या शब्दांचे कोष्टक तयार केले. १८६३ साली पुराच्या पाण्यात ओढा ओलांडताना तो बुडून मेला. त्याचे कागद सर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापविले. त्या कोष्टकात गोंडीच्या शेजारी कोलामीचाही रकाना आहे. त्या काळी कोलामांच्या शब्दांचीही नोंद करावी असे वाटणारा मनुष्य स्कॉटलंडहून यावा लागला, याचा अर्थ वाचकांनी आपल्याशीच लावावा.

आजही ती शिस्त मोडलेली नाही. अमेरिकेतील युटा संस्थानात प्रोव्हो नावाच्या गावी मॉर्मन पंथाचे एक मोठे शिक्षणकेंद्र आहे. अठरा-एकोणीस वर्षांची मुले व मुली परदेशी धाडण्यापूर्वी तेथे आणतात, आणि ज्याला जेथे जावयाचे त्या देशाची भाषा त्याच्याकडून काही आठवडे सकाळपासून रात्रीपर्यंत घोकून घेतात. अशा पन्नासांवर भाषा तेथे शिकवितात. इतक्या थोड्या दिवसांत भाषा येत नाही, हे उघड आहे. परंतु भाषेवाचून त्या माणसांपुढे उभे राहणे लाजिरवाणे आहे, एवढी जाणीव तरी त्या मुलाच्या मनात पक्की बसते. आपल्या आदिवासी भागात नेमणूक झालेल्या किती तरुण शिक्षकांस व डॉक्टरांस असे आठ दिवस तरी कोणी कोठे बसविले आहे काय?

येथे कोणी आमच्यावर मिशनऱ्यांची वकिली केल्याचा आरोप ठेवील, म्हणून दोन शब्द आताच सांगून टाकतो. मिशनऱ्याचा भाषाभ्यास निर्हेतुक नव्हता. बहुतेकांनी भाषा शिकली ती सांगण्यासाठी, ऐकण्यासाठी नव्हे. ज्याला शिकवावयाचे त्याच्यापाशी स्वतःचे असे काही सांगण्याजोगे असेल, ही कल्पना त्यांपैकी थोड्यांनाच शिवली. त्यांच्या मराठीची आपल्या लेखकांनी यथेच्छ टर उडविली, आणि ‘मिशनरी मराठी’ हा शब्द थट्टेचा म्हणूनच रूढ झाला, तेही काही उगाच नव्हे. शिवाय ज्या पंडितांच्या जोरावर हे ग्रंथ झाले, त्यांची नावे मागे पडली. कॅरीचे नाव शाळेतील मुलासही ठाऊक असते. परंतु त्याच्या पदरी मराठीचे काम करणारा वैजनाथ पंडित, ज्याची ‘सिंहासन बत्तिशी’ १८१४ साली श्रीरामपुरास छापली गेली, तो किती जणांस आठवतो? या साऱ्या दोषांची यादी आम्ही मिशनऱ्यांच्या कैवाऱ्यांपुढे खुशाल ठेवू. परंतु हेतू वाईट म्हणून पद्धत वाईट ठरत नाही. चोर पहाटे उठतो, म्हणून साधूने दुपारपर्यंत निजावे असे शास्त्र कोठे नाही.

आता झरी जामणीकडे वळू.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अंगाला, तेलंगणाच्या सीमेस लागून हा तालुका आहे. पलीकडे आदिलाबादचा मुलूख. मधून पैनगंगा वाहते. कापसाचे रान, टेकड्या, विरळ झालेले सागवान, मुकुटबन व पाटण यांसारखी थोडी मोठी गावे, आणि गावांपासून जरा अंतर ठेवून वसलेली कोलामांची पोडे. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. कोलाम ही महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कातकरी व माडिया गोंड. या एका तालुक्यात मराठी, कोलामी, गोंडी, तेलुगू व बंजाऱ्यांची गोरमाटी अशा भाषा कानी पडतात. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत झरी जामणीचे नाव येते ते मात्र बहुधा दोनच कारणांनी : शेतकऱ्याची आत्महत्या, किंवा कोलाम समाजातील कुमारी मातांचा प्रश्न. बाहेरून आलेल्या पुरुषांनी फसविलेल्या या मुलींविषयी लेख आले, आयोग आले, योजना आल्या. त्या मुलीशी तिच्या भाषेत बोलणारी एक तरी बाई प्रत्येक दवाखान्यात व प्रत्येक पोलीस ठाण्यात बसवावी, ही साधी गोष्ट मात्र योजनांच्या गर्दीत कोणास मोठी वाटली नाही.

कोलामी ही मराठीची बोली नव्हे. हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. कारण ‘ते लोक वेडेवाकडे मराठी बोलतात’ अशी समजूत करून घेतली, म्हणजे शिकण्याची जबाबदारी आपोआप टळते. कोलामी ही द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. पाण्याला कोलाम ‘ईर’ म्हणतो. तेलुगूतील व तमिळातील ‘नीर’शी त्याचे नाते आहे, मराठी ‘पाण्या’शी नाही. तिच्यात मराठीप्रमाणे तीन लिंगे नाहीत. पुरुष एकीकडे व बाकी सारे दुसरीकडे, अशी तिची वाटणी आहे. नकार दाखवावयाचा तर क्रियापदालाच निराळे रूप येते. आणि एक गंमत अशी की, दोन पुरुष, दोन बायका व दोन वस्तू मोजताना कोलामी माणूस संख्येचे तीन निराळे शब्द योजतो. हे ऐकून हसू येण्यापूर्वी मराठी वाचकाने आपलेच ‘दोघे’, ‘दोघी’ व ‘दोन’ आठवून पाहावे. शेकडो वर्षांच्या शेजाराने भाषा एकमेकींस किती जवळ आणतात, आणि त्यांचे बोलणारे मात्र एकमेकांस किती दूर राहू शकतात!

या भाषेचा अभ्यास झालाच नाही असे नाही. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात कोलामीचा समावेश आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मरे एमेनो यांनी वर्धा जिल्ह्यातील कोलामांकडून भाषा ऐकून १९५५ साली तिच्यावर एक समग्र ग्रंथ प्रसिद्ध केला. सेतुमाधवराव पगडी या आपल्या मराठी विद्वानाने निजामाच्या राज्यात नोकरी करीत असता कोलामी शिकून तिचे व्याकरण लिहिले, ते १९५० साली हैदराबादेस निघाले. म्हणजे, ‘शिकावयाचे तरी कशावरून?’ ही सबब सत्तर वर्षांपूर्वीच संपली. परंतु हे ग्रंथ राहिले विद्यापीठांच्या कपाटांत, आणि ज्याला उद्या सकाळी पोडावर जाऊन पहिलीच्या वर्गापुढे उभे राहावयाचे त्याच्या पिशवीत राहिले हजेरीबुक.

याचा परिणाम काय होतो, त्याचा विचार प्रत्येक आईबापाने करावा. आपले सहा वर्षांचे मूल प्रथम शाळेत जाते तेव्हा त्याच्या पाठीशी चार-पाच हजार शब्दांची पुंजी असते, असे बालशिक्षणाचे जाणकार सांगतात. त्या पुंजीवर शाळा व्यापार सुरू करते. ‘आई’ हा शब्द मुलाला येत असतो. शाळा त्याला तो कसा लिहावा एवढेच शिकविते. कोलामाच्या मुलाची पुंजी शाळेच्या दारातच जप्त होते. त्याला अक्षर नवे, आणि त्या अक्षराने जो शब्द होतो तोही नवा. मास्तर प्रश्न विचारतो तेव्हा मुलाला उत्तर येत नसते असे नव्हे. प्रश्नच कळलेला नसतो. ते गप्प बसते, आणि त्याच्या गप्प बसण्यावर ‘मंदबुद्धी’ असा शेरा पडतो. पुढे ते शाळा सोडते. मग अहवालात लिहिले जाते की, या जमातीत शिक्षणाची आवड नाही!

दवाखान्यातही तीच कथा. पोट दुखते, कळ येते, जळजळते, मुरडा येतो, दडपल्यासारखे वाटते, यांतील भेद आपल्या भाषेत आपण किती बारकाईने सांगतो! डॉक्टराचे अर्धे निदान त्या शब्दांवर होते. जिला मराठीत फक्त ‘दुखते’ एवढेच म्हणता येते, त्या बाईच्या दुखण्याचे निदानही तेवढेच जाडेभरडे होणार. मग औषध लागू पडत नाही, ती पुन्हा येत नाही, आणि आपण म्हणतो की हे लोक भगतावर विश्वास ठेवतात. ठेवतीलच! भगताला तिचे बोलणे कळते.

आता या आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप नेहमी घेतले जातात, त्यांचा एकेक करून समाचार घेऊ.

पहिला आक्षेप असा की, कोलामांना मराठी येते. येते, खरे. बाजारात मीठ-मिरची घेण्याइतके, मजुरी ठरविण्याइतके, कचेरीत हात जोडण्याइतके येते. आपल्यापैकी कित्येकांस याच मापाचे हिंदी व त्याहून थोडे कमी मापाचे इंग्रजी येते. म्हणून आपल्या मुलाचा पहिलीचा वर्ग फक्त इंग्रजीत चालावा, आणि आपल्या आईची प्रकृती डॉक्टराने फक्त इंग्रजीत विचारावी, हे आपण मुकाट्याने सोसू काय? शिवाय ज्याला मराठी येते तो बाजारात जाणारा पुरुष. पोडातील म्हातारीचे काय, आणि सहा वर्षांच्या मुलीचे काय?

दुसरा आक्षेप : भाषा लहान, बोलणारे थोडे, तिला लिपी नाही, ग्रंथ नाहीत, असल्या भाषेसाठी एवढी यातायात कशाला? २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात कोलामी ही मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार लोक होते. आणि कोलाम जमातीची लोकसंख्या एकट्या महाराष्ट्रात १ लाख ९० हजारांवर होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावे. ज्यांची ती भाषा, त्यांतील पुष्कळांच्या तोंडून ती गेली आहे, किंवा निदान ती आपली म्हणून सांगण्याचे धैर्य तरी गेले आहे. भाषा लहान आहे म्हणून तिच्याकडे पाहावयाचे नाही, आणि पाहिले नाही म्हणून ती अधिक लहान होत जावयाची, हे चक्र थांबविणार कोण? राहिला लिपीचा प्रश्न. देवनागरी ही काही मराठीने विकत घेतलेली नाही. आदिलाबादच्या डोंगरांत, म्हणजे झरी जामणीहून पैनगंगेच्या पलीकडे, मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ यांनी १९४३ साली मार्लवाई या गावी गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र काढले, तेव्हा गोंडीची पहिली वाचने देवनागरीतच केली. १९४० साली कुमराम भीमू याचे बंड गोळ्यांनी मोडून काढल्यावर निजाम सरकारला शहाणपण सुचले होते, त्याचे हे फळ. ज्या गोंडास जेमतेम अक्षरओळख होती, त्यालाच त्याच्या भाषेत शिकवून मास्तर केले. पुढे राज्य बदलले, माध्यम बदलले. परंतु ही गोष्ट होऊ शकते, एवढे नदीच्या पलीकडे सिद्ध होऊन चुकले आहे. नदीच्या अलीकडे मात्र आपण अजून ‘लिपी नाही’ म्हणून हात झाडतो.

तिसरा आक्षेप अधिक चतुर आहे, आणि तो करणारे पुष्कळदा आदिवासींचे हितचिंतक असतात. ते म्हणतात, कोलामाच्या मुलाला पोट भरावयाचे तर मराठी व इंग्रजीच लागणार; त्याला कोलामीत कोंडून ठेवणे म्हणजे त्याला मागास ठेवणे होय. यांस आमचे उत्तर असे की, कोंडण्याची गोष्ट कोणीच बोलत नाही. पायरी म्हणजे कोंडवाडा नव्हे. जे मूल आपल्या भाषेत वाचावयास शिकते, ते दुसरी भाषा अधिक लौकर व अधिक चांगली वाचते, हे आता शिक्षणशास्त्रात वादाचे राहिलेले नाही. आपल्या राज्यघटनेत १९५६ साली घातलेले ३५०-अ हे कलम, २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा व २०२० चे राष्ट्रीय शिक्षणधोरण, ही तिन्ही मुलाच्या मातृभाषेचाच पुरस्कार करितात. आम्ही मागतो ते नवे काही नाही. कायद्याने जे एकदा कबूल केले तेवढेच मागतो. आणि येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : आमची मुख्य मागणी मुलाकडे नाहीच, ती मास्तराकडे आहे. मुलाने मराठी शिकावे, ते शिकतच आहे. मास्तराने कोलामी शिकावी, ती तो शिकत नाही. दोघांपैकी एकाचे वय सहा व दुसऱ्याचे तीस. एकास पगार मिळतो, दुसऱ्यास मिळत नाही. मग शिकण्याचे सारे ओझे सहा वर्षांच्याच खांद्यावर का?

चौथा आक्षेप सोयीचा. बदल्या होतात, वेळ नसतो, खर्च कोण करील? परंतु तत्त्व म्हणून ही गोष्ट सरकारने कधीच मान्य केली आहे. तमिळनाडूचा किंवा बिहारचा तरुण भारतीय प्रशासन सेवेत निवडला जाऊन महाराष्ट्रास मिळतो, तेव्हा मसुरीच्या अकादमीत त्याला मराठी शिकवितात. आणि ती शिकविलीच पाहिजे असे आपण सर्व म्हणतो. जिल्हाधिकाऱ्याला मराठी न येणे हा आपल्याला अपमान वाटतो. तर मग कोलामाला त्याच्या मास्तराला कोलामी न येणे अपमान वाटू नये, असे का धरून चालावे? फरक एवढाच की, आपला अपमान झाला तर आपण वर्तमानपत्रात लिहितो. त्याला लिहिता येत नाही, आणि जे लिहू शकतात त्यांना त्याची भाषा येत नाही.

आणि आता सर्वांत कटू गोष्ट. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. गावोगाव पेढे वाटले. पुढल्या वर्षी पहिलीपासून हिंदी शिकविण्याचे शासननिर्णय निघाले, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला, आणि जून २०२५ मध्ये ते निर्णय मागे घ्यावे लागले. कोवळ्या मुलावर परकी भाषा लादू नका, आधी त्याला त्याच्या भाषेत उभे राहू द्या, असे त्या वेळी आपले लेखक, शिक्षक व पालक एकमुखाने म्हणाले. ते अक्षरशः बरोबर होते. परंतु तो युक्तिवाद पैनगंगेच्या काठी नेऊन वाचला असता तर तेथील कोलामाने काय म्हटले असते? हिंदी ही मराठी मुलाला तिसरी भाषा म्हणून नको होती. कोलामाच्या मुलाला मराठी ही पहिल्याच दिवशी, एकमेव भाषा म्हणून मिळते. जो न्याय मुंबईत मागितला तो झरी जामणीत नाकारला, तर तो न्याय नव्हे, मक्ता होय. थोरल्या भावाकडून मार खाऊन तो धाकट्यावर उतरविणाऱ्या मुलाची आपण घरात कानउघाडणी करतो. भाषेच्या घरात तेच चालले आहे.

कोणी असे समजू नये की, मराठी माणसाच्या हातून हे काम होणारच नाही. मिशन हा शब्दही काही पाद्र्यांच्या मालकीचा नाही. विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डला धर्माचा तौलनिक अभ्यास करून आले, आणि १९०६ साली त्यांनी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ काढले. आधी अभ्यास आणि मग सेवा, हा क्रम त्यांनी जाणूनबुजून पाळला. आमच्या काळातले उदाहरण पाहावयाचे तर भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे पाहावे. १९७३ साली तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने तेथे राहून माडियांची भाषा शिकून घेतली, आणि मग माडिया मंडळी त्यांच्या दवाखान्यात येऊ लागली. नागपुरात वैद्यकाची पदवी घेतलेल्या दोघांनी अरण्यात जाऊन पुन्हा अ-आ-इ-ई पासून आरंभ केला. त्यांनी कोणाचा धर्म बदलला नाही, कोणास आपल्या पंथात ओढले नाही. भाषा मात्र मिशनऱ्याच्या चिकाटीने शिकली. जे हेमलकशास झाले ते झरी जामणीत का होऊ नये? वाट तर यवतमाळहून पक्क्या सडकेची आहे.

नुसती टीका करून थांबणे आम्हांस मान्य नाही. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. ज्या शिक्षकाची, डॉक्टराची, परिचारिकेची, ग्रामसेवकाची किंवा तलाठ्याची नेमणूक कोलामवस्तीच्या भागात होईल, त्याला कामावर रुजू होण्यापूर्वी तीन महिने पगारी भाषाशिक्षण द्यावे. त्यांतील निदान एक महिना त्याने पोडावरच राहून काढावा. हे शिक्षण कोलाम स्त्रीपुरुषांनीच द्यावे. त्यांस पंडिताचा मान द्यावा, पुरते वेतन द्यावे, आणि जे पुस्तक त्यांच्या मदतीने तयार होईल त्याच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव छापावे. वैजनाथ पंडिताची गत त्यांची होऊ नये. तीन महिन्यांनी परीक्षा घ्यावी ती कचेरीत कागदावर नव्हे. पोडातील चावडीपुढे, चार म्हाताऱ्या बायकांच्या समोर, उमेदवाराने तासभर बोलून दाखवावे. त्या म्हणतील तो निकाल. जो उत्तीर्ण होईल त्याला वेतनवाढ द्यावी व पाच वर्षे तेथून हलवू नये. पहिली-दुसरीसाठी कोलामी व मराठी अशी दुहेरी वाचने देवनागरीत काढावी. आणि कोलामांतील जी मुले-मुली शिकली आहेत, त्यांना त्यांच्याच पोडावर शिक्षक नेमताना पदवीच्या गुणांइतकीच किंमत त्यांच्या भाषेला द्यावी. यांत असे काय आहे की जे एका श्रीमंत राज्याला झेपणार नाही?

आपल्या धर्मरक्षक मंडळींसही एक शब्द. आदिवासी आपले बांधव आहेत, असे ती सभेत सांगतात. फार चांगले. परंतु ज्या बांधवाशी त्याच्या भाषेत दोन वाक्ये बोलता येत नाहीत, तो कसला बांधव? मिशनऱ्याला हुसकून लावण्याचे उपाय पुष्कळ सुचविले जातात. कायदे सुचविले जातात, मोर्चे सुचविले जातात. त्याच्याइतकी भाषा शिकावी, हा उपाय मात्र कोणी सुचवीत नाही, कारण त्यात घोषणा नाही, मेहनत आहे. सकाळी उठून क्रियापदांची रूपे घोकावी लागतात, चुकावे लागते, आणि अडाणी म्हणून ज्यास आपण आजवर हिणविले त्याच्यापुढे विद्यार्थी होऊन बसावे लागते. विद्यार्थी होणे हेच आपल्या सुशिक्षित माणसास सर्वांत अवघड जाते.

मराठीत ‘आम्ही’ व ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून बोलावयाचे तेव्हा ‘आम्ही’, त्याला बरोबर घ्यावयाचे तेव्हा ‘आपण’. इंग्रजीत हा भेद नाही, संस्कृतातही नाही. द्राविड भाषांत आहे, आणि कोलामीतही आहे. म्हणजे ‘आपण’ म्हणजे काय हे कोलामाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच्या भाषेत तो शब्द आहे. गरज आहे ती सरकारी फलकावर ‘आपल्या सेवेसाठी’ असे मराठीत लिहून आत बसलेल्या माणसाने तो शब्द कोलामीत शिकण्याची. तो तेथे काम करणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी येईपर्यंत मिशनऱ्यांविरुद्धचे आपले सारे ठराव रद्दीच्या किमतीचेच राहतील.